चंद्रशेखरचा पत्ता आणि माझा गुडघा

सौंदड, २२ जुलै २००९

चि. साक्षीस,

मोठेबाबांचा सप्रेम जय भीम. हैदराबादेत तू, तुझी प्रयोगशाळा आणि त्यातले उंदीर सगळे खुशाल असाल. इकडे माझा एक गुडघा सोडला तर सारं ठीक. संशोधनाला निघालीस तेव्हा तुझे बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ चंद्रशेखर, "या उंबऱ्यात परत पाय ठेवू नको" म्हणाला, आणि दोन वर्षं झाली, तुम्ही बोलत नाही. त्यात मला पडायचं नाही (पडण्याआधी मी नेहमी असंच म्हणतो). म्हणून गुडघ्याचंच लिहितो.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून (तुमच्याकडच्या बांधावरून) पाय घसरला, गुडघा सुजला. शेजारच्या देवकाबाईंनी बिबा लावायला सांगितला. लावला. सकाळी फोड आले आणि सूज दुप्पट! तेव्हा तुला फोन केला. तू म्हणालीस, पेशीत एक प्रथिन बांधून ठेवलेलं असतं; इजा झाली की निरोप पोचतो, बांधणारं प्रथिन नष्ट होतं, आणि हे सुटून थेट केंद्रकात शिरतं, सूज आणणारी जनुकं चालू करतं. (बिबा म्हणजे आपणच धाडलेला दुसरा निरोप, हे तेव्हा उमगलं.) पण त्याच वेळी ते आणखी एक जनुक चालू करतं, ज्यापासून त्याला पुन्हा बांधणारं प्रथिन तयार होतं.

हे सारं मी चंद्रशेखरला खताच्या रिकाम्या पोत्यावर कोळशानं काढून समजावलं (तीस वर्षं फळ्यापुढे काढलेल्या मास्तरला बसल्या जागी काही सांगता येत नाही). तुझ्या कामाबद्दल तो पहिल्यांदाच ऐकत होता. मधेच म्हणाला, "म्हणजे जो भडकते, तोच आपल्याले आवरणारा तयार करते काय?" मी हो म्हटलं. "किती वेळात?" म्हटलं, तासाभरात, पोरगी सांगते. त्यानं पोत्यावरच्या त्या बांधणाऱ्या प्रथिनावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मले तं दोन वर्षं लागली, दादा."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. रजा मिळाली की ये, बाई.

तुझे मोठेबाबा,
केवळराम

ता. क. गुडघा माझा नाही, त्याचा आहे. फोनवरही मी खोटंच बोललो. त्याचं नाव सांगायचं नाही, अशी ताकीद होती. तरी स्टेशनावर तुला घ्यायला तोच येणार म्हणतो, लंगडत का होईना.

ता. क. २. पाकिटावरचा पत्ता माझ्या हातचा नाही. मी तुझ्या पत्त्याची चिठ्ठी शोधत होतो, तोवर त्यानं तो लिहूनही टाकला. पाठ होता त्याला, पिनकोडसकट.