उभी राहिलेली लाल गाडी

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढाच). तुझ्या पायाचं प्लास्टर निघाल्याचं वहिनीकडून कळलं. प्लास्टर निघालं तरी तू खुर्चीतून निघत नाहीस, हेही कळलं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मी फक्त माझ्या मोटारसायकलबद्दल लिहिणार आहे.

हो, घेतली! निवृत्तीनंतर घ्यायचीच होती. पहिल्या शोरूममध्ये आमच्या ह्यांना सोबत नेलं, तिथेच चुकलं. टायवाला विक्रेता इंजिन, गिअर, मायलेज सगळं ह्यांनाच समजावू लागला. हे साध्या सायकलला घाबरतात, पण मान अशी डोलवत होते, जणू कारखाना ह्यांचाच आहे. मी म्हटलं, गाडी मला हवी आहे. त्याने मायेने माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटर दाखवली. पुन्हा तेच म्हटलं, तर स्कूटरला पर्स अडकवायचा हूक दाखवला. माझं डोकंच फिरलं. ह्यांना डोलत्या मानेसकट बाहेर काढलं.

दुसऱ्या शोरूमची मालकीण एवढंच म्हणाली, "आधी बसा. पाय टेकतात का बघू." टेकले! दादा, इतका आनंद झाला की तिने रंग विचारायच्या आत मी लाल म्हणून मोकळी झाले.

सर्व्हिसिंगला मात्र आळस केला आणि घराजवळचं सेंटर गाठलं. दिवसभर फोन करावा तर एकच उत्तर, गाडी धुवायला घेतलीय. (एवढी धुतली असती तर लाल रंग उरला नसता.) संध्याकाळी एक चकचकीत लाल गाडी समोर आणली. मीटर पाहिला आणि मी ओरडलेच, ही आमची नाही, आमची एवढी पळालेलीच नाही! हे हळूच म्हणाले, "असू दे गं, हिचे आरसे बरे आहेत." आमची मागच्या कोपऱ्यात धूळ खात होती. कुणी हातसुद्धा लावला नव्हता, आणि चालूही होईना.

शेवटी टेम्पोत घालून मालकिणीकडे नेली. तिथली मेकॅनिक, बाह्या सरसावलेली हसरी बाई, म्हणाली, "बिघाड काही नाही हो ताई, उभी राहून राहून बॅटरी बसलीय. रोज थोडी फिरवत जा." बॅटरी चार्ज केली, चेनला तेल दिलं आणि बटण दाबताच गाडी अशी गुरगुरली की मला तुझीच आठवण झाली. (पण बोलणार नाही म्हटलंय, म्हणजे नाही.)

घरात सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. गाडी उभी का राहिली, हे तू विचारशीलच. मला ती चालवता येत नाही. (सेंटरपर्यंतही आम्ही दोघांनी ढकलतच नेली होती.) चालू करते, ऐकते आणि बंद करते. हे मागे बसायला तयार आहेत, पण ती बंद असतानाच.

ता. क. २ : सायकल शिकवताना तू मागून सीट धरली होतीस, कधी सोडलीस ते मला कळलंच नाही. आता गाडी शिकव ना. डॉक्टरांना विचारलंय. तू धावायचं नाहीस, मागे बसून नुसतं ओरडायचंस. तुला खुर्चीत असं बघवत नाही रे.

ता. क. ३ : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, वहिनीने आणून दिलंय. खिडकीतून खाली बघ. गाडी टेम्पोतून आणली आणि टेम्पो परत पाठवून दिला. आता ती घरी न्यायची कशी, ते तूच सांग.