जाळीतला गाळ

बाबा, जीपच्या इंजिनमध्ये तो डबा मीच ओतला होता. तुम्हाला ते कळलं होतं हे मला माहीत आहे, तरी आपण दोघांनीही तो विषय शेवटपर्यंत काढला नाही. तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं झाली. जीप भंगारात गेली. अंगणात ती जिथे उभी असायची तिथली माती अजून काळी आहे आणि तिथे गवत उगवत नाही. आज रविवार, घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. बिरसीच्या विमानशाळेचं एक छोटं विमान सकाळपासून आपल्या कामठा गावावर घिरट्या घालतंय. तुम्ही असता तर दातात काडी धरून त्याचंही इंजिन ऐकायला निघाला असता.

त्या काडीबद्दल मी लोकांना सांगते तर कोणाला खरं वाटत नाही. सागाची, हातभर लांब, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत झालेली. वीस वर्षं ट्रक चालवून तुमचा डावा कान पूर्ण गेला होता, उजवा अर्धा. आई स्वयंपाकघरातून हाका मारून थकायची आणि शेवटी चुलीपाशी बसूनच तुम्हाला शिव्या घालायची, कारण त्याही तुम्हाला ऐकू येत नसत. पण काडीचं एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं दातात धरलं की तुम्ही डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "दुसरा नोझल बिघडून राहिला." नोझल खोलला की तो खरंच बिघडलेला निघायचा. गोंदियाचे चांगले कान असलेले मिस्त्री तुम्हाला बोलवायला यायचे. बी.एस्सी. झाल्यावर मी तुम्हाला मोठ्या ऐटीत समजावलं होतं की ध्वनी हाडांमधून आतल्या कानापर्यंत पोचतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत राहिलात, आणि म्हणालात, "असन. मले त दातातून ऐकू येते."

शाळेत नोकरी लागल्यावर तुमच्यासाठी पहिली भेट आणली ती इंजिन साफ करायच्या औषधाचा तो डबा. शर्ट किंवा घड्याळ कोणीही आणतं, मला माझं शिक्षण दाखवायचं होतं. गोंदियातल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराने सांगितलं होतं, "मैडम, पुरानी डीजल गाड़ी है ना? ये डालो, अंदर का सारा मैल निकाल देगा." डब्यावर सगळं लिहिलेलं होतं. जुनं तेल गरम असताना त्यात ओतायचं, पंधरा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मग सगळं तेल काढून नवीन भरायचं. मी तुम्हाला एकेक ओळ वाचून दाखवली. तुम्ही डबा उलटापालटा केलात, हलवून पाहिलात.

"राहू दे. जुनं इंजिन आहे, त्याले नाई सोसनार."

"पण का?"

"नाई सोसनार म्हनलं ना."

आणि डबा कोनाड्यात कंदिलाशेजारी गेला. कारण सांगायची तुम्हाला कधी सवय नव्हती, आणि कारण ऐकल्याशिवाय गप्प बसायची मला. राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतात तो मला तुमच्याकडूनच मिळाला. सातवी शिकलेला माणूस विज्ञानाच्या बाईला न विचारताच निकाल देतो, असं मला तेव्हा वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी ह्याच शब्दांत वाटलं.

कचारगडच्या यात्रेच्या आदल्या दिवशी तुम्ही तेल बदलायला काढलं होतं. मला म्हणालात, गाडी चालू करून ठेव, तेल तापू दे, मी दाढी करून येतो. तुम्ही गल्लीच्या वळणावर गेलात आणि मी कोनाड्यातून डबा काढला. पंधरा मिनिटं मी घड्याळ हातात धरून मोजली. तुम्ही आलात, गाडीखाली सरकलात, बोल्ट काढलात आणि तेल चहासारखं धो धो पडलं. तुम्ही त्यात बोट घातलंत.

"आज लयच पातळ येऊन राहिलं."

"जास्त तापलं असेल," मी म्हणाले.

रिकामा डबा मी तणसीच्या ढिगात खुपसला. नवीन तेल भरल्यावर संध्याकाळी इंजिन इतकं गुळगुळीत चाललं की मी मनातल्या मनात नाचले. ठरवलं, उद्या यात्रेहून परतताना तुम्ही स्वतःच म्हणाल की गाडी आज वेगळीच पळते आहे, आणि मग मी सांगेन.

दुसऱ्या दिवशी मीही तुमच्यासोबत आहे. मागे अकरा माणसं, त्यांची गाठोडी, स्वयंपाकाची भांडी. सालेकसा मागे पडलंय, रस्ता जंगलात शिरतोय, मोहाची पानं गळालेली आहेत. तुम्ही नेहमीसारखे अनवाणी गाडी चालवताय. चप्पल सीटखाली ठेवल्याशिवाय तुम्ही स्टिअरिंगला हात लावत नसा. मागची माणसं गात आहेत. आणि एकाएकी तुमचा उजवा पाय उचलला जातो. तुम्ही तळवा पुन्हा पत्र्यावर सपाट ठेवता, क्षणभर तसेच राहता आणि इंजिन बंद करायची तार ओढता. गाडी कडेला घरंगळत थांबते. मी तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलं होतं, बाबा. तो जागेवर होता. तुम्ही उतरलात, बॉनेट उघडलं, काडी दातात धरलीत आणि मला चालू करायची खूण केलीत. मी चावी फिरवली, काटा वर चढला आणि तेव्हा कुठे तो हळूहळू खाली यायला लागला. तुम्ही लगेच हात वर केला. काट्याच्या आधी तुमच्या तळपायाला कळलं होतं. ते आठवलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

तुमची गाडी कधी रस्त्यात थांबत नाही, हे आमगावपासून दरेकशापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. दुसऱ्या जीपा नव्या होत्या, तरी म्हातारी माणसं तुमच्यासाठी खोळंबून राहत. तुम्ही कमावलेलं दुसरं काही मला आठवत नाही. मागून एक तरणा माणूस ओरडला, "क्या हुआ काका, डीजल खतम?" आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी त्याच्यावरच कावली, "कायले वरडतेस रे? याची गाडी कदी थांबत नाई."

तुम्ही पोतं अंथरून खाली शिरलात. तेल धरायला भांडं नव्हतं, तर त्या म्हातारीने आपला भात शिजवायचा गंज पुढे केला. इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी तुम्ही खाली उतरवलीत. तिचे सगळे बोल्ट काढले त्याच क्रमाने फडक्यावर ओळीत मांडलेत. आत तेल वर ओढणारी जी जाळी असते ती दिसलीच नाही. भाताच्या बुडाला लागलेल्या खरपुडीसारखा काळा गाळ तिच्यावर गच्च बसला होता. माझ्या औषधाने इंजिनाच्या भिंतीवरचा सगळा मैल एका झटक्यात सोडवला होता, आणि तो येऊन तिथे अडकला होता. अजून दोन कोस गेलो असतो तर तेलाशिवाय इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं.

तुम्ही थोडा गाळ अंगठ्यावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. थिनरसारखा उग्र वास होता, मला उभ्या जागी येत होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी ओरडा खायची वाट पाहत होते. खरं तर मला तो हवा होता. तुम्ही गुडघ्यांवर उठलात आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हणालात, "चूक माजी आहे जी. जाळी साफ कराची राहून गेली. तुमाले ताटकळावं लागलं."

तो तरणा माणूस हसला. मागून दुसरी जीप येत होती, तिच्यात चौघांना घेऊन चढला आणि जाता जाता म्हणाला, "काका, अब बेच दो इसको." तुम्ही मान हलवलीत. मी तिथेच उभी होते, बी.एस्सी., बी.एड., फडक्यावरचे बोल्ट मोजत.

मग तुम्ही जे केलंत ते मी आयुष्यात पुन्हा कोणाला करताना बघितलं नाही. जुन्या दातब्रशने जाळी डिझेलमध्ये धुतलीत, उन्हात धरलीत, पुन्हा धुतलीत, प्रत्येक भोकातून ऊन आरपार दिसेपर्यंत. टाकीचं जुनं पॅकिंग चाकूच्या पाठीने असं सोडवलंत की त्याचा कुठे टवका उडाला नाही. माझी ओढणी मागितलीत, तिची दुहेरी घडी केलीत आणि गंजातलं तेल तिच्यातून गाळून घेतलंत. घाई नाही, चिडचिड नाही. राहिलेली माणसं गाणं विसरून तुमच्या हातांकडे बघत बसली होती. म्हातारी म्हणाली, "देवाचंच काम करून राहिला हा." दीड तासाने गाडी चालू झाली आणि काटा वर चढला. तुम्ही काडी दातात धरून बराच वेळ ऐकलंत, आणि मग ती पुसून माझ्यापुढे केलीत.

"घे. ऐक."

लहानपणी मी त्या काडीसाठी किती रडले होते. तुम्ही कधी हात लावू दिला नव्हता. मी ती दातात धरली आणि डोकं आतून भरून गेलं. जातं फिरावं तशी मोठी घरघर, तिच्यामागे चार निरनिराळे ठोके, आणि त्यांच्याही मागे एक बारीक सळसळ, तेल वर चढत असल्याची. हे सगळं तुम्ही रोज ऐकत होता, आणि आम्ही तुम्हाला बहिरे समजत होतो. ज्या दिवशी मी तुमचं नाव घालवलं त्याच दिवशी तुम्ही मला ती काडी दिलीत. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तुम्ही म्हणालात, धूर लागला असन.

परतताना आपल्या बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या काठाशी, तुम्ही गाडी थांबवलीत आणि न विचारता कारण सांगितलंत, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. आपले पूर्वज तळी बांधणारे. तुम्ही म्हणालात, "बोडीचा गाळ एकाच उन्हाळ्यात खरवडला, त पानी खालून निंगून जाते. गाळानं बी पानी धरून ठेवलं असते. दरसाल थोडा थोडा काढा लागते." पुढच्या काही महिन्यांत तुम्ही तेल तीनदा बदललंत, दरवेळी जाळी खोलून धुतलीत. इंजिन वाचलं. पण इंजिनाच्या मागे तेल अडवणाऱ्या सीलभोवतीचा जुना मैल निघून गेला होता, आणि तिथून थेंब थेंब तेल गळायला लागलं ते शेवटपर्यंत. तुम्ही खाली एक पत्र्याचं ताट ठेवायचे. एकदा सकाळी ते ताट रिकामं करताना तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "तुले काई सांगाचं आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं."

थांब्यावर म्हातारी माणसं हळूहळू दुसऱ्या जीपांमध्ये बसायला लागली. ते मी बघत होते.

हे पत्र मी पाठवणार तरी कुठे. वहीतच राहील. पण एक गोष्ट राहिली आहे, ती सांगून टाकते. नववीला घर्षण आणि वंगण शिकवताना मी दरवर्षी ही गोष्ट सांगते. मुलांना फार आवडते. बोडी सांगते, जाळी सांगते, काडीसुद्धा सांगते. फक्त सुरुवात अशी करते की एक ड्रायव्हर होता, त्याने जुन्या इंजिनात घाईघाईने एक औषध ओतलं. शेवटी मी विचारते, मग चूक कोणाची? सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "ड्रायव्हरची, मॅडम!"

आणि मी, बाबा, "बरोबर" म्हणते.