आगलाव्या म्हणजे काय

१२ फेब्रुवारी १९८४, मोहगाव
एकदाचा पोहोचलो. पांढुर्ण्याला गाडी सोडली, तिथून बसने सौसर, मग इथे. खासगी शाळेत मराठी शिकवायचं, तेही सकाळीच. देवकाबाईंची माडी भाड्याने मिळाली. हवेशीर, खिडकीतून संत्र्यांची बाग दिसते. सगळं झकास, फक्त यांचं मराठी ऐकवत नाही. पुण्याहून मला पाठवलं ते बरंच झालं.

१६ फेब्रुवारी
देवकाबाईंचा धाकटा भाऊ गुणवंता, चाळिशीचा, खाली राहतो. दुपारी बाई त्याच्या खोलीला बाहेरून कडी घालतात. विचारलं तर म्हणाल्या, "तो आगलाव्या आहे मास्तर. त्याले एकटं सोडता येत नाही." मी समजावलं, आगलाव्या म्हणजे चहाड्या करून दोघांत भांडण लावणारा, हा तर कुणाशी बोलतही नाही. अडाणी बाईला शब्दाचा अर्थ काय कळणार? कडी मीच काढली, पुन्हा घालू दिली नाही.

२१ फेब्रुवारी
शेजारच्या रघुनाथरावांची कडब्याची गंजी भरदुपारी जळाली. नंतर गुणवंता वर येऊन बसला. आधी जीव घुसमटतो, पेटलं की हलकं वाटतं, म्हणाला. याला नाव काय, हे त्याला हवं होतं. मी सांगितलं, याला अग्निवेड म्हणतात, पण तो आजार मोठमोठ्या डॉक्टरांनी ओळखायचा. तुझ्यासारख्या रिकामटेकड्याला तो शब्द शोभत नाही. कडबा विडीनेही पेटतो.
खजील होऊन उतरला. मला गंमत वाटली.

२४ फेब्रुवारी
आज रघुनाथरावांचा कापूस. त्यांचा गडी चिंधू ढिगाशेजारी झोपला होता — दोन्ही हात भाजले.
गुणवंता वर आला. "आता शोभते का?"
नाही म्हणालो. सवयीने.

२५ फेब्रुवारी
चिंधूला घेऊन देवकाबाई नागपूरला गेल्या. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. ठाण्यात जावं तर कडी कुणी काढली ते सांगावं लागेल — माझ्यासारख्या माणसाने या लोकांपुढे —
उद्या दुपारच्या बसने निघतो.

२६ फेब्रुवारी
ट्रंक भरत होतो. जिना पेटलाय. खिडकीला गज.
तो अंगणात उभा, वर बघतो. ओरडून सांगितलं, शोभतो, तुलाच शोभतो तो शब्द —
मान हलवली त्याने. "अजून नाही मास्तर. हा तं नुसता जिना आहे."
फळ्यांतून धूर — रस्त्यावर कुणी नाही — तो काही विचारतोय, ऐकू —