दारात अडलेली गाडी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी उत्तराला आज बसतोय, म्हणून आधीच कान पकडतो. मामाच्या हातात पाना शोभतो, पेन नाही, असं तू मागे लिहिलं होतंस ते खरंच आहे. पण ह्या वेळी उशिराचं कारण पेन नव्हतं. सांगतो, सगळं सांगतो. आधी इकडची हालहवाल ऐक.

गॅरेजचं दार मोडलं. म्हणजे कोणी येऊन मोडलं नाही, मीच मोडलं. डाव्या अंगाची चौकट उपटली, गवंड्याला बोलावून भिंत वीतभर मागे घेतली आणि नवी चौकट बसवली. शेजारची शिंपीणबाई मशीन थांबवून बघायला आली. म्हणाली, "हत्ती बांधणार का काय आत?" मी म्हटलं, हत्ती परवडला बाई, त्याच्या पायांत हवा भरावी लागत नाही. तुझ्या आईला मात्र हसू आलं नाही. विटांची सगळी धूळ तिने वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन बसली, आणि मग ताईने मला असं झापलं की लहानपणी तिची पाटी फोडली होती तेव्हाही इतकं झापलं नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी मी तिच्यासमोर खाली मान घालून चादरी पिळल्या.

तुझं पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर माझ्या अंगठ्याचे ग्रीसचे ठसे उमटलेत. चष्म्याच्या दुकानात आता तुला एकटीला मापं घ्यायला देतात हे वाचून छाती फुगली. त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट तर मी शिंपीणबाईलाही वाचून दाखवली. दोन वर्षं बिचारा चुकीच्या मापाचा चष्मा लावून हिंडत होता. डोकं दुखायचं, जिना उतरताना तोल जायचा, आणि तो समजत होता की आपलंच वय झालं, आपलंच डोकं चालेनासं झालंय. तू दोन डोळ्यांमधलं अंतर नीट मोजलंस, काचा बदलून दिल्यास, आणि तो दुकानातच रडला. एवढं छान लिहून त्याच पानावर खाली तू दोन ओळी टाकल्यास. गाडीला गिऱ्हाईक बघ मामा, ठेवून काय करू, मला वळण घेताच येत नाही हे मी आता मान्य केलंय. त्या ओळी वाचल्या आणि दिवसभर माझ्या हातून एक काम धड झालं नाही. स्कूटरचं चाक उलटं बसवून दिलं एकाला.

तुला वळण घेता येत नाही! अगं, अंगणात तीनचाकी सायकलवर तू गोल गोल फिरायचीस तेव्हा आतल्या अंगाला अशी कलायचीस की वेणीचं टोक फरशीला लागायचं. भिंगरी नाव तिथूनच पडलं. पुढे ही क्वाड आली. चार जाड टायर आणि वर मोटरसायकलचं हँडल, जिला ताई अजूनही ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणते. शर्यतीच्या मैदानावर बाकीचे वळण दिसलं की आधी ब्रेक दाबायचे, तू आधी अंग टाकायचीस. बघणाऱ्यांना वाटायचं ही आता पडणार. मला कधी वाटलं नाही. मी पाठीमागे उभा राहून शेजारच्याला सांगायचो, माझी भाची आहे.

मागच्या वर्षी मोठ्या शर्यतीच्या आधी तू म्हणालीस, मामा, वेग वाढला की वळणावर आतलं चाक उचलतंय, गाडी रुंद करू या. बरोबर होतं तुझं. बैठक रुंद असली की स्टूल कलंडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आठवडाभर आपण दोघं राबलो. पुढची चाकं धरणारे लांब आर्म तू स्वतः बसवलेस, ब्रेकचे पाइप पुरेनात म्हणून ते बदललेस, दोन्ही चाकं सरळ बघतायत ना ते दोरी लावून दोनदा तपासलंस. चहा तीनदा गार केलास. मागच्या दोन चाकांना जोडणारा लांब दांडा, एक्सल, राहिला, तो मी माझ्याकडे घेतला.

त्याच आठवड्यात तुझी आई गॅरेजात आली होती. तुला माहीत नाही. तुझे बाबा अपघातात गेल्यापासून ती गाड्यांच्या वासालाही उभी राहत नाही, पण त्या दिवशी येऊन टेबलावरच्या शिकंज्यापाशी उभी राहिली. म्हणाली, "माझं ती ऐकत नाही. तुझ्या हातात आहे रे. तिला जरा हळू चालवायला लाव." आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिला हो म्हटलं. तुलाही हो म्हटलेलंच होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. त्या एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक जाड कडं असतं, तुला पाठच आहे. कडं चाकाच्या आतल्या बाजूला घातलं की चाक बाहेर सरकतं, गाडी रुंद होते. बाहेरच्या बाजूला घातलं की चाक होतं तिथेच राहतं. मी दोन्ही कडी बाहेर घातली आणि वरून टोपणं बसवून टाकली. मला वाटलं, गाडी थोडी डगमगली तर पोर आपोआप सावध होईल, वळणावर हात आखडेल, एक शर्यत हरेल आणि घरी धड येईल. तुला सांगितलं, पन्नास इंच झाली बघ मागून. तू खिशातून टेप काढलास आणि परत ठेवलास. मामाने मोजलंय ना, मग झालं, असं म्हणालीस. जुनं दार अठ्ठेचाळीस इंचांचं होतं, भिंगरी, पुढची चाकं त्यातून जेमतेम जायची. त्यातून मागून पन्नास इंचांची गाडी सुळकन बाहेर निघाली. तू मागून ढकलत गाणं गुणगुणत होतीस आणि मी पुढे हँडल धरून मान वर करत नव्हतो.

सरावाला तू दोनदा येऊन सांगितलंस की मागचं चाक अजून उचलतंय. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी काय म्हटलं? गाडी ठीक आहे, तूच झुकत नाहीस. आयुष्यात मी पुष्कळ गाड्या बिघडवल्या आणि पुन्हा सुधारल्या, पण ह्या एका वाक्याइतकं वाईट काम केलेलं नाही. शर्यतीत तिसऱ्या वळणावर तू रुंद गाडीच्या भरवशावर वेग ठेवलास आणि गाडी तुझ्या अंगावर आली. खांद्याचं हाड जोडून तुला खाटेवर आणलं, तेव्हा तू माझा हात धरून म्हणालीस, तू सांगितलं होतंस मामा, मी झुकलेच नाही. मी तुला चमच्याने पाणी पाजत बसलो. मग तू हेल्मेट माळ्यावर टाकलंस, लांबच्या गावात नोकरी धरलीस, आणि मी स्वतःला समजावलं की चला, ताईचा जीव तरी भांड्यात पडला.

ह्या पत्राबरोबर एक फोटो आहे. तुझ्या पडण्याच्या क्षणभर आधी कुणीतरी काढलेला, वर्षभर माझ्या खणात पॅकिंगच्या कागदाखाली होता. नीट बघ. तुझं अर्धं अंग सीटच्या बाहेर आहे, कोपर जमिनीला टेकायला आलंय. ह्याहून जास्त कोणी झुकत नसतं. ताईला काल सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, पोरीला कळव आधी. तू आईवर रागावू नकोस, तिने मला तिची भीती सांगितली होती, खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. पाना माझ्या हातात होता. तुझ्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट वाचून मी गाडी उघडली, कडी आत घातली आणि अंगणात नेऊन बघू म्हणून बाहेर काढायला गेलो, तर ती दारात अडली. मागचे दोन्ही टायर चौकटीला टेकले. तिथेच खाली बसलो आणि पोटभर रडलो, मग गवंड्याला बोलावलं. गाडीला गिऱ्हाईक बघितलेलं नाही. विकायची की चालवायची ते तू ठरव, माझ्याशी बोलायचं की नाही तेही तूच ठरव, मी तक्रार करणार नाही. पण मला वळण घेता येत नाही, हे वाक्य पुन्हा लिहू नकोस, ते माझं खोटं आहे आणि तू ते वर्षभर स्वतःचं म्हणून वागवलंस. मागचे नट मी फक्त हाताने फिरवून ठेवलेत. हँडलला पाटी लावली आहे, कोणी चालवू नये. टेप गाडीच्या सीटवर आहे. तू ये, आधी स्वतः मोज, आणि मग तुझ्या हाताने आवळ.

तुझाच,
ज्याच्या मापावर तू विश्वास ठेवलास तो
मामा