वाटेवरच्या बेवारशी करंज्या

न्यूफाउंड गॅप,
एप्रिलमधला बुधवार

ती. नेल्डाताईस,

ऑर्फाचा नमस्कार. (वाकून केलेला नाही. पाठीवर बोचकं आहे, वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझा संधिवात, भावजींचा खोकला आणि तुमचा तो चावरा कुत्रा यांची खुशाली कळव. दोन वर्षांत तू माझी विचारली नाहीस, म्हणून मी विचारू नये असं थोडंच आहे.

आधीच सांगते, मी तुझ्याकडे येत नाहीये. मी जॉर्जियापासून पायी निघालेय, आणि ही डोंगरवाट हॉट स्प्रिंग्सला तुझ्या दारावरून जाते. ती मी आखलेली नाही.

माझ्यासारखी ही वाट चालणारी माणसं मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटतायत. खरं नाव कुणी सांगत नाही. एक 'आजोबांचा मोजा', एक 'ओली काडेपेटी'. सरळमार्गी माणसाला टोपणनाव कशाला लागतं? शिवाय ओझं हलकं करायला या लोकांनी टूथब्रशच्या दांड्या कापल्यात. (मोज्यांच्या गिरणीत एकतीस वर्षं मुकादमी केली मी. आज दांडी कापणारा उद्या काय कापेल, हे मला कळतं.) मी उशाशी काठी घेऊन झोपते.

तर नॅन्टाहालाला, वाट जिथे डांबरी रस्ता ओलांडते तिथे, झाडाखाली एक बर्फाची पेटी दिसली. आत तळलेल्या करंज्या, सफरचंदाच्या. मला वाटलं, सहलीला आलेलं कुणीतरी विसरून गेलं. गिरणीत सापडलेल्या डब्याला धनी येईपर्यंत कुणी हात लावत नसे, म्हणून मी पेटीवर राखण करत बसले. चांगले चार तास. अकरा भुकेले जण आले, अकराही काठीने हाकलले. शेवटी ओली काडेपेटी काकुळतीला आला. म्हणाला, "अहो मावशी, ही चालणाऱ्यांसाठीच ठेवतात हो. झाकणावर लिहिलंय, वाचा तरी." झाकणावर मीच बसलेली. उठून वाचलं तर खरंच, 'चालणाऱ्यांनो, पोटभर खा.' फुकट कोण कुणाला करंज्या देतं, असं विचारलं, तर म्हणे चांगली माणसं देतात. हे ऐकून माझा संशय दुणावला. त्या दिवसापासून मला सगळे 'फौजदारीण' म्हणतात.

पुढे फोन्टानाच्या धरणापाशी पुन्हा तशीच पेटी. या वेळी मी एक खाऊन पाहिली. लवंग जास्त, साखर कमी, आणि कडेला काट्याने दोनदा दाबलेलं. हा आईचा हात. काडेपेटीला खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला की पेटी ठेवणारी बाई त्याला दिसली होती, तिचं नाक थेट माझ्यासारखं होतं, आणि ती विचारत होती की एक भांडकुदळ बाई पुढे गेली का अजून मागेच आहे.

ताई, हा काय प्रकार आहे? बोलायचं नाही, आणि शंभर मैल गाडी हाकून झाडाखाली करंज्या ठेवून पळायचं? मी निघाल्याची खबर तुला कुणी दिली? (पाद्रीबाईंवर माझा दाट संशय आहे.) आईच्या लोखंडी तव्याचं प्रकरण दाबायचा बेत असेल, तर ते असं दबणार नाही. आईला पुरलं त्या दिवशी सकाळी तवा चुलीवर होता, संध्याकाळी नव्हता, आणि स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. तू बायबलवर हात ठेवून नाही म्हणालीस, आणि मी अख्ख्या चर्चसमोर तुला चोर म्हटलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

रागाच्या भरात मी सात करंज्या खाल्ल्या.

तुझी धाकटी बहीण,
ऑर्फा

ता. क. हे पत्र इथल्या वाहनतळावरच्या एका पर्यटकाकडे टपालात टाकायला दिलंय. (त्याच्या गाडीचा नंबर लिहून घेतलाय.)

ता. क. दुसरा : पुढच्या मंगळवारी दुपारी तुझ्या दारावरून जाईन. थांबणार नाही. पण पायाला फोड आलेत, ओसरीवर खुर्ची असली तर टेकेन.

ता. क. तिसरा : तवा मी नेला. कोटाखाली लपवून. तू विचारशील या भीतीने आधी मीच तुझ्यावर ओरडले, आणि मग मागे फिरायची लाज वाटली. दोन वर्षांत त्यावर एक अंडंसुद्धा तळवलं नाही मला. तो आत्ता माझ्या बोचक्यात आहे, जॉर्जियापासून. मंगळवारी घरी राहा ताई. दारात ठेवून पळून जायला मी काही तू नाही.