दुखणं माझं, भाषणही माझंच

श्रीधर,

तू टाकी बघायला गच्चीवर गेलास, तेवढ्यात मी निघाले. तुझ्यादेखत निघाले असते तर तू जाऊ दिलं नसतंस. आठवड्यानं नळाला पाणी आलंय, टाकी भरली की मोटर आठवणीनं बंद कर.

शेजारच्या शकीलाबी सोबत आहेत. पाठीला उशी घेतलीय, रिक्षा हळू चालवायला सांगेन. तू बोलणार आहेस, त्याच इच्छामरणावरच्या परिसंवादाला चाललेय.

काल तू अश्लेषाला भाषण वाचून दाखवत होतास, ते मी आतून ऐकलं. म्हणे इच्छामरणाचा कायदा नकोच, कारण "माझी आई इतकी वर्षं मणक्याच्या दुखण्यात आहे, तरी हसत जगते." व्हय रे, हसत? तुम्हा नवराबायकोला जेवण गोड लागावं म्हणून ताटावर हसते मी. रात्री उशी दातात धरते, ते नाही लिहिलंस. मला एका शब्दानं विचारलंसुद्धा नाहीस.

म्हणून संयोजकांना फोन करून मी तुझ्या समोरच्या बाजूनं बोलायला नाव दिलंय.

घाबरू नकोस, मला मरायची घाई नाही. पुढच्या पाण्याला गोधड्या धुवून घ्यायच्यात. पण हे दुखणं कुठवर सोसायचं, ते मला सोडून दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. तू पण नाही.

मोटर बंद करून ये आणि पुढंच बस. बोलता बोलता मी थांबले, तर पाण्याचा ग्लास घेऊन धावत येऊ नकोस. कळ आली की मी थांबते. तेव्हा माझं बोलणं संपलेलं नसतं.

आई