सालींचं पाणी आणि भिंतीवरचा डाग

ती. वन्संना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? मांजरीला पिल्लं झाली का? मी बरी आहे. (म्हणजे आता बरी आहे, ते पुढे येईलच.)

मागे फोनवर तुम्ही म्हणालात, “एकटीच्या घरात घाण ती किती होणार, आणि तू सदा पुसतेस काय?” तुमचं खरं आहे. पण वन्सं, एकटीच्या घरात काम तरी कुठून आणायचं? वाचनालयात एक पुस्तक मिळालं, घरच्या घरी सफाईची द्रावणं करायचं. विकतचं काही आणायचं नाही, काही फेकायचं नाही. संत्र्या-लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी बाटलीत भरून तीन महिने ठेवायचं. आत वायू धरतो, म्हणून रोज सकाळी झाकण जरा सैल करायचं. फुस्स होतं. तुम्ही हसाल, पण सकाळी उठल्यावर घरात आपल्याशिवाय दुसरं कुणीतरी श्वास सोडतंय हे बरं वाटायचं. मी “उठलात का?” असंही विचारायला लागले होते. (मुलीला सांगू नका. ती लगेच डॉक्टर शोधेल.) साली पुरेनात, म्हणून फळवाल्याच्या रसाच्या गाडीवरून पिशवीभर मागून आणल्या. तो समजला मी बकरी पाळली आहे. रोज तिची चौकशी करतो. आता खरं सांगायची लाज वाटते, म्हणून बकरी मजेत आहे असं सांगते.

पहिल्या बाटल्या छान उतरल्या. ओटा, नळ, मोरी सगळं लख्ख. मग मागच्या आठवड्यात मला ताप आला आणि मी दोन दिवस पडून राहिले. झाकण सैल करायला कोण आहे? तिसऱ्या दिवशी नवीन बाटलीचा असा बार उडाला की साली छताला चिकटल्या. मी तापात पडले होते तेव्हा कुणाला पत्ता नव्हता. बाटली फुटली तशी अर्धी इमारत दारात. खालची शिवणकामवाली तर हातात कात्रीच घेऊन आली. “काकू, सिलिंडर उडाला का?” म्हटलं, “नाही गं, साली उडाल्या.” “कुणाची साली?” असं मागून एक आजोबा विचारत होते, त्यांना परत पाठवलं.

शिवणवाली मात्र थांबली. गुणाची पोर. मला खुर्चीवर बसवून स्वयंपाकघरातल्या काचा भरल्या, छत पुसलं. मग मी दोघींसाठी चहा टाकायला आत गेले, तर ती बाहेरच्या खोलीकडे वळली. तिथे तुमच्या भावाच्या आरामखुर्चीमागे भिंतीवर डाग होता, तुम्हाला आठवत असेल. इतकी वर्षं तेल लावलेलं डोकं टेकून पेपर वाचला, त्याचा. ते असताना त्या डागावरून मी त्यांना काय काय बोलले आहे! ते गेल्यावर सगळं घर पुसलं, तेवढी जागा सोडून. मी चहा घेऊन आले तर ती पोर अभिमानाने म्हणते, “काकू, तुमचं पाणी भारी आहे हो! किती जुना डाग, सोडा टाकून घासला, एका दमात गेला!” हातातलं फडकं त्यांच्या जुन्या बनियनचं. म्हणजे त्यांचा डाग त्यांच्याच बनियनने पुसला. पुस्तकात म्हणतात तसं, काहीच वाया गेलं नाही.

मी तिला “वा” म्हटलं. चहा दिला, एक बाटली भरून दिली. ती गेल्यावर खुर्चीत बसून पाहिलं. माझं डोकं तिथवर पोचत नाही.

बाकी सर्व ठीक. मोरी एकदा बघायला हवी तुम्ही, चेहरा दिसतो.

तुमची,
भावजय

ता. क. पिल्लं झाली असतील तर एक ठेवा माझ्यासाठी. बकरी म्हणून खपवीन.

ता. क. दुसरा. तुमचं आणि त्यांचं डोकं एकाच साच्यातलं, उंचीही सारखी, आणि तेलही तुम्ही त्यांच्यासारखंच थापता. महिनाभर येऊन त्या खुर्चीत बसाल का? काम काही नाही, नुसतं टेकून बसायचं. डाग पडलाच नाही, तर आणखी एक महिना थांबावं लागेल, एवढंच.